इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवरील ॲक्युपंक्चर उपचार

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (संक्षेपाने आयबीएस) या आतड्यांच्या दीर्घकालीन विकारात पोटदुखी, पोटफुगी, जुलाब वा बद्धकोष्ठता ही लक्षणे कमी व्हावीत म्हणून शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून केल्या जाणाऱ्या उपचारास आयबीएसवरील ॲक्युपंक्चर उपचार म्हणतात. ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी चिकित्सापद्धती आहे. आयबीएसवर तिचा उपयोग चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर होतो. युरोप, अमेरिका आणि भारतातही नेहमीच्या औषधांनी पुरेसा आराम न मिळालेले रुग्ण तिच्याकडे वळतात. उपचार न घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत हा उपचार घेणाऱ्यांना अधिक आराम वाटतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. मात्र हा आराम सुईच्या नेमक्या जागेमुळे मिळतो की उपचाराच्या एकूण अनुभवामुळे, हा या विषयातील मुख्य वाद असून तो अद्याप मिटलेला नाही.

विकाराचे स्वरूप

आयबीएस हा आतड्यांच्या रचनेचा नव्हे, तर कार्याचा विकार आहे. दुर्बिणीने तपासणी केली असता आतड्याचे अस्तर निरोगी दिसते, रक्ततपासणीत विशेष काही आढळत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ येते. रुग्णाचे हाल मात्र खरे असतात. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी तीन-चार वेळा शौचास जावे लागणे, प्रवासात सतत शौचालयाची चिंता वाटणे, जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखे फुगणे, शौचास जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना राहणे, असे प्रकार वर्षानुवर्षे चालू राहतात. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य अशा रुग्णांना अनेक दवाखान्यांत ऐकावे लागते आणि त्यातून त्यांचा त्रास वाढतोच. पर्यायी उपचारांकडे वळणाऱ्यांत या विकाराच्या रुग्णांची संख्या मोठी असण्यामागे हे एक कारण आहे.

विकाराच्या निदानासाठी ‘रोम निकष’ वापरले जातात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम-४ निकषांनुसार मागील तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी असावी आणि तिच्याबरोबर पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वारंवारतेत बदल होणे आणि मलाच्या स्वरूपात बदल होणे. लक्षणांची सुरुवात निदानापूर्वी किमान सहा महिने झालेली असावी लागते. मलाचे स्वरूप ठरवण्यासाठी ब्रिस्टल मापनश्रेणी वापरतात. तीत सुट्या कठीण खड्यांपासून पूर्ण पातळ मलापर्यंत सात प्रकार आहेत. त्यांच्या आधारे विकाराचे बद्धकोष्ठप्रधान, अतिसारप्रधान, मिश्र आणि अवर्गीकृत असे चार उपप्रकार केले जातात.

विकार किती लोकांना आहे, याचे उत्तर निकषांवर अवलंबून असते. ३३ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटद्वारे विचारणा केलेल्या लोकांपैकी ४.१ टक्के लोक रोम-४ निकषांत बसले. त्याच लोकांना जुने रोम-३ निकष लावल्यास हे प्रमाण १०.१ टक्के भरले. जुन्या निकषांत पोटातील अस्वस्थताही धरली जात असे, नव्या निकषांत स्पष्ट पोटदुखी आवश्यक आहे. पोटफुगी आणि ‘पोट साफ होत नाही’ हीच मुख्य तक्रार असलेले आशियाई देशांतील अनेक रुग्ण त्यामुळे व्याख्येच्या बाहेर राहतात, असा आक्षेप घेतला जातो.

आयबीएसचे एकच एक कारण सापडलेले नाही. मोठ्या आतड्याच्या हालचालींतील अनियमितता, आतड्यांची वाढलेली संवेदनशीलता, जंतुसंसर्गानंतर उरलेला सौम्य दाह, आतड्यांतील सूक्ष्मजीवांच्या समतोलातील बदल आणि मानसिक ताण हे घटक कमी-अधिक प्रमाणात एकत्र येतात. संवेदनशीलतेचा मुद्दा ॲक्युपंक्चरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गुदाशयात लहान फुगा ठेवून तो हळूहळू फुगवण्याच्या प्रयोगात, निरोगी व्यक्तीला जो दाब जेमतेम जाणवतो तोच आयबीएसच्या अनेक रुग्णांना वेदनादायक वाटतो, असे १९७० च्या दशकापासून दिसून आले आहे. आतड्यांच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गातच तयार होते. हे जाळे आणि मेंदू यांच्यात दोन्ही दिशांनी सतत संदेशवहन चालू असते. आयबीएसला आता ‘आतडे-मेंदू परस्परसंबंधाचा विकार’ म्हटले जाते ते याच कारणाने.

पारंपरिक चिनी वैद्यकातील विचार

‘आयबीएस’ हे नाव चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत असणे शक्य नाही. तेथे लक्षणांवरून ‘पोटदुखी’, ‘अतिसार’, ‘बद्धकोष्ठ’ असे वेगवेगळे विचार केलेले आढळतात. ‘ह्वांगदी नेइचिंग’ या प्राचीन ग्रंथापासून चालत आलेल्या उपपत्तीनुसार शरीरात ‘छी’ नावाची जीवनशक्ती विशिष्ट वाहिन्यांतून वाहते आणि तिचा प्रवाह अडला किंवा असंतुलित झाला की रोग होतो. पोटात कळ येऊन जुलाब होणे आणि ताण वाढला की हा त्रास बळावणे, या प्रकाराचे स्पष्टीकरण ‘यकृताची छी प्लीहेवर आक्रमण करते’ असे दिले जाते. येथील ‘यकृत’ आणि ‘प्लीहा’ म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे अवयव नव्हेत, तर कार्यांचे समूह होत. पहिल्याकडे भावनांचे नियमन आणि दुसऱ्याकडे पचन सोपवलेले आहे. भावनांचा पचनावर परिणाम होतो हे निरीक्षण आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. त्यासाठी योजलेल्या वाहिन्यांना मात्र शरीररचनाशास्त्रात कोणताही आधार सापडलेला नाही.

पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरची सार्वत्रिक चर्चा सुरू झाली तीही एका पोटाच्या तक्रारीमुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन १९७१ च्या जुलै महिन्यात चीनच्या दौऱ्यावर असताना पेकिंगमध्ये त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली. त्यानंतर पोटात वायू धरून अस्वस्थता वाढली, तेव्हा तेथील चिकित्सकाने त्यांच्या उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या व जळत्या औषधी वनस्पतीचा शेक दिला. तासाभरात आराम पडल्याचे रेस्टन यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिले. शस्त्रक्रियाच ॲक्युपंक्चरच्या भुलीखाली झाली, असे आजही अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते चूक आहे. एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचाराची परिणामकारकता ठरत नाही, परंतु या लेखानंतर अमेरिकी डॉक्टरांत या पद्धतीविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले.

उपचाराची पद्धत

आयबीएससाठी साधारणतः आठवड्यातून एक ते तीन वेळा, चार ते दहा आठवडे उपचार दिले जातात. प्रत्येक बैठक सुमारे अर्ध्या तासाची असते. सुया पोकळ नसतात. त्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा बऱ्याच बारीक, केसासारख्या लवचीक आणि पोलादी असतात. निर्जंतुक सुया एकदाच वापरून टाकून दिल्या जातात. सुई ठरावीक खोलीपर्यंत गेल्यावर तेथे जडपणा, ठणका किंवा मुंग्या आल्यासारखी संवेदना व्हावी अशी अपेक्षा असते. चिनी परिभाषेत या संवेदनेस ‘द-छी’ म्हणतात. काही वेळा सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात (विद्युत-ॲक्युपंक्चर) किंवा बिंदूजवळ मॉक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातील वनस्पतीचा वाळलेला पाला जाळून शेक देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंची प्रमाणित यादी तयार केली आहे. त्यांपैकी आयबीएससाठी वारंवार वापरले जाणारे बिंदू थोडे आहेत. गुडघ्याच्या वाटीखालील बाहेरच्या खळग्यापासून चार बोटे खाली, नडगीच्या हाडाच्या किंचित बाहेरच्या अंगास ‘त्झू-सान-ली’ हा बिंदू आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘पायाचे तीन ली’ असा आहे. ली हे अंतराचे जुने चिनी माप आहे आणि हा बिंदू चेतवल्यास थकलेला वाटसरूही आणखी तीन ली चालू शकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्याच्या आणखी चार बोटे खाली ‘शांग-च्यू-श्यू’ असून तो मोठ्या आतड्याशी निगडित मानतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, रुग्णाच्याच अंगठ्याच्या दुप्पट रुंदीइतक्या अंतरावर ‘थ्येन-शू’ हे बिंदू येतात. यांखेरीज पायाच्या आतील घोट्याच्या वर चार बोटांवरील ‘सान-यिन-च्याओ’, पावलावर अंगठा व शेजारचे बोट यांच्या हाडांमधील ‘थाय-चूंग’ आणि टाळूवरील ‘पाय-ह्वेइ’ हेही निवडले जातात. मापे बोटांत आणि अंगठ्यांत देण्यामागे व्यावहारिक विचार आहे. प्रत्येकाच्या शरीराचे प्रमाण वेगळे असल्याने रुग्णाचीच बोटे मोजपट्टी म्हणून वापरली जातात.

संभाव्य कार्यप्रणाली

छी आणि वाहिन्यांची संकल्पना बाजूला ठेवली, तरी त्वचा व स्नायूंत टोचलेल्या सुईचा आतड्यांवर परिणाम होणे शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही. त्वचा आणि स्नायूंकडून येणारे चेतातंतू व आतड्यांकडून येणारे चेतातंतू मज्जारज्जूच्या त्याच भागांत एकत्र येऊ शकतात. पोटाच्या भिंतीवरील उत्तेजनाने आतड्यांची हालचाल मंदावते आणि हातापायांवरील उत्तेजनाने ती वाढू शकते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. सुई टोचल्यावर मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हेही बऱ्याच काळापासून ज्ञात आहे.

उंदरांवर झालेले आणि ‘नेचर’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या संदर्भात उल्लेखनीय आहे. मागच्या पायावरील त्झू-सान-लीशी जुळणाऱ्या जागी सौम्य विद्युतप्रवाह दिल्यास व्हेगस चेता आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्याद्वारे शरीरातील दाह कमी होतो, पोटावरील थ्येन-शूच्या जागी तोच प्रवाह दिल्यास तसे होत नाही, असे त्यात दिसले. फरकाचे कारणही सापडले. विशिष्ट प्रकारचे संवेदी चेतातंतू पायाच्या खोल ऊतींत आहेत, पोटाच्या भिंतीत नाहीत. सुईची जागा महत्त्वाची असू शकते, या मताला यामुळे बळ मिळाले. तथापि हा प्रयोग जीवाणूजन्य विषाने घडवलेल्या तीव्र दाहावर होता. आयबीएसमध्ये तसा दाह नसतो. उंदरावरून माणसाच्या पोटाकडे थेट उडी घेणाऱ्या जाहिराती म्हणूनच सावधपणे वाचाव्या लागतात.

वैद्यकीय चाचण्या

ॲक्युपंक्चरची चाचणी घेणे गोळीच्या चाचणीपेक्षा अवघड असते. गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी करता येते. न टोचणारी पण टोचल्यासारखी भासणारी सुई तयार करणे कठीण आहे. जर्मनीतील संशोधकांनी १९९८ मध्ये अशी सुई प्रसिद्ध केली. तिचे टोक बोथट असते आणि दाबल्यावर ती नाटकातल्या खंजिराप्रमाणे आपल्याच मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, पण त्वचा भेदली जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे खऱ्या सुया ‘चुकीच्या’ जागी उथळ टोचणे. या दोन्हींना लटके (शॅम) ॲक्युपंक्चर म्हणतात. हाच शब्द पुढे अनेकदा येणार असल्याने एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे: लटका उपचार म्हणजे उपचाराचा अभाव नव्हे. त्यातही रुग्ण शांत पडून राहतो, कोणीतरी त्याची विचारपूस करते, त्वचेला स्पर्श होतो आणि बरे वाटण्याची अपेक्षा निर्माण होते.

२००६ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आलेल्या जर्मन चाचणीत ४३ रुग्णांना खरे किंवा लटके ॲक्युपंक्चर देण्यात आले. दोन्ही गटांतील रुग्णांचे जीवनमान सुधारले, गटांमध्ये मात्र फरक आढळला नाही. संख्या लहान असल्याने निष्कर्ष ठाम म्हणता येत नव्हता. त्यानंतर बॉस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी जो अभ्यास केला तो या विषयातील सर्वांत बोधप्रद ठरला. त्याचे एक प्रमुख संशोधक टेड कॅप्चक हे मकाऊमध्ये चिनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले होते आणि नंतर प्लॅसिबो परिणामाच्या अभ्यासाकडे वळले होते.

या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात २६२ रुग्णांचे तीन गट केले गेले. एक गट केवळ प्रतीक्षायादीवर राहिला. दुसऱ्या गटाला लटके ॲक्युपंक्चर मिळाले, पण उपचारकाने त्यांच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलायचे होते. तिसऱ्या गटालाही तोच लटका उपचार मिळाला. मात्र पहिल्या भेटीत उपचारकाने आस्थेने विचारपूस केली, आजाराचा अर्थ रुग्णाला काय वाटतो ते ऐकून घेतले आणि उपचाराविषयी विश्वास दर्शवला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. त्वचा एकाही गटात भेदली गेली नव्हती. हे निष्कर्ष २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे या तीन आठवड्यांनंतर, लटका उपचार घेतलेल्यांपैकी काहींना खरे ॲक्युपंक्चर देण्यात आले आणि काहींचा लटका उपचार पुढे चालू राहिला. एकूण लक्षणांत सुधारणा झाल्याचे खऱ्या गटात ४१ टक्के आणि लटक्या गटात ३२ टक्के रुग्णांनी सांगितले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या योगायोगाने पडण्याइतका लहान होता. दोन्ही गट मिळून ३७ टक्के सुधारले, प्रतीक्षायादीतील अवघे ४ टक्के. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर दोन्ही पक्षांनी ते आपल्या बाजूने वाचले. ॲक्युपंक्चर म्हणजे केवळ प्लॅसिबो, असे टीकाकार म्हणाले. उपचार न करण्यापेक्षा तो कितीतरी चांगला, असे समर्थकांचे म्हणणे होते. आकडे दोन्ही विधानांशी विसंगत नाहीत. याच संशोधकगटाने २०१० मध्ये ८० रुग्णांवर केलेल्या आणखी एका प्रयोगात गोळी औषधविरहित असल्याचे रुग्णांना उघड सांगूनही ५९ टक्के जणांनी पुरेसा आराम नोंदवला. गोळी न घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. आयबीएस हा उपचाराच्या अनुभवाला विशेष प्रतिसाद देणारा विकार आहे, असे यावरून दिसते.

नेहमीच्या वैद्यकीय सेवेत ॲक्युपंक्चरची भर घातल्यास काय होते, हा वेगळा आणि व्यवहारात अधिक उपयोगी प्रश्न यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी विचारला. इंग्लंडमधील २३३ रुग्णांपैकी निम्म्यांना चालू औषधोपचाराबरोबर आठवड्याला एक याप्रमाणे दहा बैठका देण्यात आल्या. लक्षणांची तीव्रता ० ते ५०० गुणांच्या श्रेणीवर मोजली गेली. त्या श्रेणीवर ५० गुणांची घट रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते. तीन महिन्यांनी ॲक्युपंक्चर गटातील ४९ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३१ टक्के रुग्णांत तेवढी घट झाली. याचा अर्थ, एका अधिकच्या रुग्णाला जाणवण्याजोगा आराम मिळण्यासाठी सुमारे सहा जणांवर उपचार करावे लागतात. दोन गटांच्या सरासरीतील फरक मात्र सुमारे २७ गुणांचाच होता. तो वर्षभर बऱ्यापैकी टिकला. दोन वर्षांनंतर संख्याशास्त्रीयदृष्ट्या उरला नाही. या चाचणीत लटका गट नसल्याने सुई आणि सहवास यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

चीनमधील सात रुग्णालयांत ५३१ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सहा आठवड्यांत ॲक्युपंक्चरच्या १८ बैठकांची तुलना औषधांशी करण्यात आली. बद्धकोष्ठ असलेल्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि जुलाब असलेल्यांना पिनाव्हेरियम ब्रोमाइड हे औषध दिले गेले. वर उल्लेखिलेल्या श्रेणीवर ॲक्युपंक्चर गटात सरासरी सुमारे १२४ आणि औषधगटात सुमारे ९५ गुणांची घट झाली. येथेही लटका गट नव्हता आणि कोणता उपचार मिळत आहे हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते. शिवाय आठवड्यातून तीनदा होणारी चिकित्सकाची भेट आणि घरी घेतलेली गोळी यांची तुलना कितपत समान मानावी, हा प्रश्न राहतोच.

बिंदूंच्या नेमकेपणाचा प्रश्न २०२२ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आलेल्या एका प्राथमिक चाचणीने पुन्हा पुढे आणला. अतिसारप्रधान आयबीएसच्या ९० रुग्णांपैकी एका गटाला विकारासाठी सांगितलेल्या बिंदूंवर, दुसऱ्याला विकाराशी संबंध नसलेल्या बिंदूंवर आणि तिसऱ्याला बिंदूच नसलेल्या जागी सुया टोचण्यात आल्या. चार आठवड्यांनी प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या दोन्ही गटांत अगदी सारखे, ४६.७ टक्के आले. तिसऱ्यात ते २६.७ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही, तथापि गट फारच लहान होते.

चाचण्यांचा एकत्रित आढावा

कॉक्रेन संस्थेच्या २०१२ मधील आढाव्यात १७ चाचण्या आणि १,८०६ रुग्ण समाविष्ट होते. लटक्या उपचाराशी तुलना करणाऱ्या पाच चाचण्यांत लक्षणांची तीव्रता किंवा जीवनमान यांत खऱ्या ॲक्युपंक्चरचा सरसपणा आढळला नाही. चीनमधील चार चाचण्यांत मात्र ते औषधांपेक्षा सरस दिसले: ॲक्युपंक्चर घेणाऱ्या ८४ टक्के आणि औषधे घेणाऱ्या ६३ टक्के रुग्णांत सुधारणा झाली.

येथे एक कोडे निर्माण होते. ज्या आकुंचनरोधी औषधांशी तुलना झाली त्यांच्या वर्गातील औषधे प्लॅसिबोपेक्षा चांगली ठरलेली आहेत. मग औषध प्लॅसिबोपेक्षा चांगले, ॲक्युपंक्चर औषधापेक्षा चांगले, तरीही ॲक्युपंक्चर लटक्या ॲक्युपंक्चरपेक्षा चांगले नाही, हे कसे? याची दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, औषधांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत रुग्णांचा कल आणि अपेक्षा आधीच ॲक्युपंक्चरकडे झुकलेल्या असाव्यात. आढावा घेणाऱ्यांनी ही शक्यता नोंदवली आहे. दुसरे असे की, सुयांचा विधी हा स्वतःच साखरेच्या गोळीपेक्षा प्रभावी प्लॅसिबो असावा किंवा चुकीच्या जागी टोचलेली सुईदेखील चेतासंस्थेला काही प्रमाणात चेतवीत असावी. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. या चाचण्यांची गुणवत्ता सारखी नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

उपचारांतील स्थान

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये आयबीएसविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या विकारासाठी ॲक्युपंक्चरला प्रोत्साहन देऊ नये, असे म्हटले आहे. आयबीएसवर आधी करावयाचे आणि अधिक भक्कम पुरावा असलेले उपचार उपलब्ध आहेत. विरघळणारा तंतुमय पदार्थ म्हणून इसबगोल उपयुक्त ठरतो. गव्हाच्या कोंड्याने मात्र काहींचा त्रास वाढतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला अल्प-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यांत आंबून वायू निर्माण करणाऱ्या शर्करांचे प्रमाण काही आठवडे कमी करून नंतर एकेक पदार्थ पुन्हा सुरू करण्याची पद्धत, बऱ्याच रुग्णांना लागू पडते. मराठी घरांतील रोजच्या जेवणातला कांदा, लसूण, गहू आणि कडधान्ये हे सर्व या यादीत येत असल्याने हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करणे इष्ट. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, आकुंचनरोधी औषधे आणि जुलाबांवर लोपेरामाइड यांचाही उपयोग होतो. अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलीन प्लॅसिबोपेक्षा परिणामकारक असल्याचे इंग्लंडमधील ४६३ रुग्णांवरील आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. बोधात्मक वर्तनोपचार आणि आतड्यांना केंद्रस्थानी ठेवून केलेले संमोहन हेही मान्यताप्राप्त पर्याय आहेत.

या उपायांनी पुरेसा आराम न मिळालेल्या, अधिक औषधे नको असलेल्या आणि खर्च व वेळ परवडणाऱ्या रुग्णाने चालू उपचार न थांबवता पूरक म्हणून ॲक्युपंक्चर घेण्यास वैद्यकीयदृष्ट्या फारसा आक्षेप घेतला जात नाही. पाच-सहा बैठकांनंतरही फरक न पडल्यास उपचार लांबवण्यात अर्थ नसतो.

सुरक्षितता

प्रशिक्षित व्यक्तीने केलेले ॲक्युपंक्चर बरेच सुरक्षित आहे. ब्रिटनमध्ये ३४,४०७ बैठकांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकही गंभीर दुष्परिणाम नोंदला गेला नाही. टोचलेल्या जागी किंचित रक्त येणे, निळा डाग पडणे, भोवळ येणे, उपचारानंतर थकवा वाटणे हे सौम्य त्रास होतात. छातीवर खोल सुई गेल्याने फुप्फुसाभोवती हवा साचणे किंवा अस्वच्छ सुयांमुळे जंतुसंसर्ग होणे, असे गंभीर प्रसंग विरळ असले तरी घडलेले आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी उपचारकास तसे आधीच सांगावे लागते. हृदयात पेसमेकर असलेल्यांना विद्युत-ॲक्युपंक्चर सहसा देत नाहीत.

खरा धोका सुईत नसून निदानाशिवाय सुरू केलेल्या उपचारात असतो. शौचावाटे रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही असल्यास ते आयबीएस समजून चालत नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स विकार आणि गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक विकार यांची लक्षणे सुरुवातीस सारखीच असू शकतात. भारतात आतड्यांचा क्षयरोग आणि जिआर्डियासारख्या परजीवींचा संसर्ग यांचाही विचार करावा लागतो. अशा रुग्णाला ॲक्युपंक्चरने तात्पुरते बरे वाटले, तर त्या बरे वाटण्यानेच योग्य निदान लांबणीवर पडते.

भारतातील स्थिती

भारतात ॲक्युपंक्चर रुजण्याचा संबंध एका सोलापूरकराच्या नावाशी जोडलेला आहे. चीन-जपान युद्धाच्या काळात १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये चीनमध्येच मरण पावले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि कोलकात्यात त्याचा उपयोग सुरू केला. पुढे कोटणीस यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या समित्यांमार्फत ही पद्धत भारताच्या इतर भागांत पोहोचली. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते. भारतातील ॲक्युपंक्चरचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो तो त्यामुळे बरोबर नाही, ते श्रेय बसू यांना दिले जाते.

महाराष्ट्रात या पद्धतीचे शिक्षण आणि व्यवसाय यांच्या नियमनासाठी ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम, २०१५’ हा कायदा करण्यात आला असून त्यानुसार व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी परिषद स्थापन करण्याची तरतूद आहे. ॲक्युप्रेशर, म्हणजे सुयांऐवजी बोटांनी बिंदू दाबण्याची पद्धत, आणि ॲक्युपंक्चर यांत बोलीभाषेत पुष्कळदा गल्लत होते. आयबीएसविषयी वर दिलेल्या चाचण्या सुयांच्या उपचारावरील असल्याने त्यांचे निष्कर्ष ॲक्युप्रेशरला जसेच्या तसे लागू होत नाहीत.